मोरपंखी साडीची झोळी

आक्का, यंदा आपल्या घरात कढई चढली नाही.

तुम्ही घटस्थापनेनंतर चौथ्या दिवशी गेलात, आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत दुखवट्याच्या घरात सणाचं तळण करायचं नसतं, हे मला तुम्हीच शिकवलेलं. त्यामुळे चकलीचा सोऱ्या फळीवरून खाली उतरला नाही आणि तुमचा लांब दांड्याचा झाराही खुंटीवरच राहिला. धनत्रयोदशीला मी पारगावला पोचले तर घराला कसलाच वास नव्हता. अठरा वर्षांत पहिल्यांदाच असं झालं. पूर्वी एसटीतून उतरून बांधावर पाय ठेवला की तुमच्या तळणाचा वास अर्ध्या वाटेवर घ्यायला यायचा. मी चपला काढल्या आणि उंबऱ्याशीच बसून राहिले. थोरले भाऊजी आतून म्हणाले, "आत ये की गं, पावण्यावानी भाईर काय बसलीस?"

मला आत जाववेना. जाऊ म्हणून नातं, पण वयाने तुम्ही माझ्या आईच्या बरोबरीच्या. तुमच्या चुलीपुढे मी स्वयंपाक शिकले, संसार शिकले. आणि तुमच्याच पाठीमागे मी एक काम असं केलं की त्याला चांगला शब्द नाही. आठ वर्षं ते मनात दाबून ठेवलं. तुम्हाला सांगीन सांगीन म्हणता म्हणता तुम्ही निघून गेलात. आता सांगते. ऐकायला तुम्ही नाही, म्हणूनच धीर होतोय, हेही खरं आहे.

माझी पहिली दिवाळी तुम्हाला आठवत असेल. मी नवी नवरी, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, आणि शंकरपाळ्यांचा पहिला घाणा तुम्ही निथळायला ठेवलेला. एक तुटका तुकडा उचलून तोंडात टाकणार, तेवढ्यात झाऱ्याचा दांडा माझ्या मनगटावर बसला.

"ठेव खाली. पहिला घाणा घरात ऱ्हात न्हाई."

मी म्हटलं, "देवाला दाखवायचाय का?"

"देवाला दुसऱ्या घाण्यातला. त्यो कुठं पळून चाललाय?"

मग तुम्ही पहिला घाणा दुरडीत भरलात, वर फडकं टाकलंत आणि मला म्हणालात, चल. बांधापलीकडे ऊसतोड करणाऱ्यांची टोळी उतरलेली होती. तेव्हा पारगावला कारखाना झालेला नव्हता, ऊस लांबच्या कारखान्याला जायचा. पण दिवाळीच्या तोंडावर नगर-बीडकडची माणसं बैलगाड्या घेऊन यायची आणि उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या करायची. गुडघ्यात वाकल्याशिवाय आत जाता येत नाही असली ती झोपडी. घराला कुलूप लावून निघालेल्या माणसांची दिवाळी वाटेतच कुठेतरी व्हायची. तुम्ही प्रत्येक कोपीपुढे उभ्या राहून मूठमूठ शंकरपाळ्या दिल्यात, कोणाशी फारसं बोलला नाहीत, आणि रिकामी दुरडी कडेला मारून माघारी वळलात. वाटेत मी विचारलं, हे कशासाठी? मला वाटलं, तुम्ही पुण्याचं, परलोकाचं काहीतरी सांगाल.

"आपल्या कढईचा वास वाऱ्यानं त्येंच्याकडं जातू. त्येंची लेकरं त्यो वास घेत्यात. वास गेला तिथवर घास गेला पायजे. आजून काय असायचंय?"

माणूस गेलं की लोक त्याला लगेच देव करून टाकतात. दहाव्याला नदीवर जो तो म्हणत होता, आक्का म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, तुम्हाला काय माहीत! मी जाऊ आहे तिची. साबणाच्या वडीचे सुरीने चार तुकडे करणारी बाई. मी चुलीपाशी दुसरी काडी ओढली तर "कारखाना हाय का काड्यांचा?" म्हणणारी. प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणारी. एवढी उदार आणि एवढी चिक्कू बाई एकाच देहात मी दुसरी पाहिली नाही.

आणि दुसऱ्याच्या वस्तू देऊन टाकायची तुमची खोड! ह्यांचा स्वेटर आठवतो? मी दोन हिवाळे खर्चून विणलेला. हे आंघोळीला गेले, स्वेटर ओट्यावर होता, आणि बाहेर एक गाडीवान पहाटेच्या थंडीत कुडकुडत बैलांना पाणी पाजत होता. हे टॉवेल गुंडाळून बाहेर येतात तर स्वेटर बैलगाडीवर बसून निघालेला. मी तणतणले. तुम्ही शांतपणे मिशेरी लावत म्हणालात, "त्याला काय झालं? त्याच्यापाशी बायको हाय, दुसरा इणंल." त्या दिवशी ह्यांना हसू आवरेना, मग मलाही. पण मनात एक बारीक गाठ बसली ती बसलीच. द्यायचं तर आपलं द्यावं. दुसऱ्याचं देताना निदान विचारावं. मी हे तुम्हाला कधी सरळ बोलले नाही. इथेच पहिली चूक झाली बहुतेक.

जुन्नरला आमचा संसार वेगळ्या वळणाने चालला होता. ह्यांची तालुक्याच्या कचेरीत नोकरी, आणि मी बाजारपेठेच्या बोळात पिको-फॉलचं मशीन टाकलेलं. दिवाळी आली की बोळात पाऊल ठेवायला जागा नसायची, आणि माझ्याकडे साड्यांचा ढीग. बायका बसून बोलायच्या, औंदा आमच्याकडे फ्रीज, औंदा आमच्याकडे रंगीत टीव्ही. ऐकता ऐकता आपल्यालाही वाटायला लागतं की दिवाळी म्हणजे घरात काहीतरी नवं यायलाच हवं, नाहीतर ती आली कशाला. टीव्ही आला, फ्रीज आला, मग काचेची शोकेस आली. तुम्ही एकदा बाजारहाटासाठी जुन्नरला आलात तेव्हा त्या शोकेसपुढे बराच वेळ उभ्या राहिलात.

"ह्या कपबश्या कुनाच्या?"

"आपल्याच. बघायला ठेवल्यात."

"बघून पोट भरत असंल," म्हणालात आणि चहा स्टीलच्या पेल्यात मागितलात. मी आठ दिवस धुसफुसत होते. तुम्ही पारगावला परतल्यावर सलमाभाभी, आमच्या शेजारीण, मला म्हणाल्या, "जाऊद्या हो, जुनी माणसं आहेत." पण तुमचं म्हणणं जुनं होतं म्हणून मला राग आला नव्हता. ते खरं होतं म्हणून आला होता.

आता साडीचं.

कारखाना सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवाळीची गोष्ट. मशीनच्या कमाईतून, ह्यांच्या पगाराला हात न लावता, मी तुमच्यासाठी साडी घ्यायची ठरवली. पुण्याला जाऊन आणली. मोरपंखी रंग, बारीक जरीचा काठ. दुसऱ्यांच्या साड्यांना मी मशीनवर फॉल मारायची; तुमच्या साडीला हाताने लावला. चार दिवस दुपारी बसून, टाका एवढा बारीक की वरून दिसू नये. शेवटच्या दोन हातांवर मोरपंखी दोरा संपला आणि दुकानांत गर्दी म्हणून मी हिरवा दोरा घेऊन पूर्ण केला. म्हटलं, आतल्या अंगाला कोण बघतंय.

वसुबारसेला ती घडी तुमच्या हातात ठेवली. तुम्ही तळवा कोरडा करून साडीवरून फिरवलात. "लई गुळगुळीत हाय गं." एवढंच. मग हळदकुंकू लावून देव्हाऱ्यापुढे ठेवलीत. मला वाटलं, पाडव्याला नेसाल. पाडव्याला सगळी भावकी ओवाळायला जमते, तिथे तुम्ही ती नेसून बसाल, कोणीतरी विचारील, कुणी घेतली? आणि तुम्ही म्हणाल, सुनंदाने. आक्का, आता लपवून काय करू? ती साडी मला तुमच्या अंगावर नको होती, भावकीच्या डोळ्यांत हवी होती.

पाडव्याला तुम्ही तीच जुनी हिरवी नेसून बसलात.

मी हळूच विचारलं, "नवी नाही नेसली?"

"ऱ्हायलं बाई कामात," म्हणालात आणि चुलीकडे वळलात. खोटं बोलताना तुम्ही नेहमी चुलीकडे वळायच्या.

भाऊबीजेला मी माहेरी निघाले. आमच्या पोरीला घेऊन हे पुढे गेले होते एसटी धरायला. मी मागून, नवी साडी, नव्या पाटल्या, हातात भावासाठी मिठाईचा डबा. वाट कोप्यांवरून जायची. एका सोडलेल्या बैलगाडीखाली, सावलीत, झोळी बांधलेली होती. मोरपंखी. चाकाच्या आऱ्यांमधून आलेल्या उन्हाने जरीचा काठ चमकत होता. आत पंधरा-वीस दिवसांचं लेकरू झोपलेलं, आणि जवळच त्याची आई विळ्याने कांदा चिरत बसलेली. मी खाली वाकले. काठ उलटून पाहिला. हिरव्या दोऱ्याचे टाके माझेच होते.

"ही साडी कुठली?"

"आक्कांनी दिली बाई. हितं आल्या आल्या बाळंत झाले, झोळीला कायबी न्हवतं." ती हसली. तिला वाटलं असेल, मी कौतुकाने विचारतेय.

माझ्या डोक्यात काय भरलं होतं ते आता नीट सांगता येत नाही. चार दिवसांचे टाके. भावकी. ह्यांचा स्वेटरही कुठेतरी होता त्यात. मी म्हणाले, "चुकून दिली त्यांनी. माझी आहे ती. दे."

भांडली असती तर बरं झालं असतं. तिने विळा बाजूला ठेवला, हात पदराला पुसले, लेकराला उचलून उसाच्या हिरव्या पाल्यावर ठेवलं. गाठी घट्ट बसल्या होत्या, त्या सुटेनात, म्हणून तिने दाताने सोडवल्या. लेकरू रडायला लागलं. तिने काठाला काठ लावून, दुकानात करतात तशी, नीट घडी केली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"वली न्हाई बाई, कोरडी हाय. आत्ताच बदललं व्हतं तिला."

मी घेतली, आक्का. घेतली आणि मिठाईच्या डब्याखाली पिशवीत घातली. मिठाईचा डबा माझ्या हातात होता, आणि त्यातली एक वडीसुद्धा तिच्या हातावर ठेवायचं मला सुचलं नाही. मागे लेकरू रडत होतं ते मला एसटी सुटेपर्यंत ऐकू येत होतं, की ऐकू येतंय असं वाटत होतं, कोण जाणे. ह्यांनी विचारलं, पिशवीत काय? मी म्हणाले, आक्कांनी फॉल नीट करायला दिलीय.

घरी येऊन मी ती साडी तीनदा धुतली. नेसवली नाही, कोणाला देववली नाही, विकवली नाही. कपाटात सगळ्यात खाली ठेवून दिली.

त्यानंतर मी तुमची वाट पाहत राहिले. तुम्ही कधीतरी विचाराल, साडी परत का नेलीस? आणि मी म्हणेन, माझी भेट तुम्ही परस्पर दुसऱ्याला दिलीत, माझ्या मेहनतीची हीच किंमत का? सगळं उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं. तुम्ही विचारलंच नाही. मी समजले, तुम्हाला कळलंच नाही. किंवा कळलं आणि तुम्हीच वरमलात. काही दिवस तर मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

संक्रांतीला आले तेव्हाही तुमच्या अंगावर तीच हिरवी. माघातल्या जत्रेला तीच. हिरवी वाळत असली की तुम्ही फाटक्या लुगड्यावर घरात वावरायच्या, बाहेर यायच्या नाहीत. पूर्वी तुमची एक जाड सुताची, तपकिरी चौकड्याची साडी असायची, ती कुठे दिसेना. मी चारचौघींत तुम्हाला चिडवलं, "आक्का, किती दिवस एकच साडी? लोक म्हणतील, दीर नोकरीला आणि भावजय उघडी." बायका हसल्या. तुम्हीही हसलात.

"अंगाला सव झालीया तिची," म्हणालात.

पुढच्या दिवाळ्यांत मी हळूहळू अंग काढून घेतलं. तळणाच्या दिवशी यायचंच नाही, नंतर यायचं, पेठेतून तयार फराळाचे खोके घेऊन. खोक्याला सोनेरी दोरी. "कशाला कढईपुढे राबायचं आक्का, सगळं मिळतं आता." तुम्ही खोका हातात घेऊन वजन केल्यासारखं करायच्या आणि विचारायच्या, "ह्याचा पहिला घाणा कुनी खाल्ला?" आणि कोप्यांवरची वाट मी सोडली. एक थांबा आधी उतरून कालव्याच्या कडेने यायची. तुम्हाला सांगायची, तेवढंच चालणं होतं, डॉक्टरांनी सांगितलंय. तीच बाई, मथुरा तिचं नाव, जवळजवळ दरवर्षी त्याच टोळीबरोबर यायची. लांबून तिची बैलगाडी दिसली तरी मी भराभर पाय उचलायची.

गेल्या दिवाळीत मात्र मी बोलायला सुरुवात केली होती. तुम्ही गोठ्यात धार काढत होतात. मी म्हणाले, "आक्का, एखाद्याने जीव लावून वस्तू दिली, ती तुम्ही लगेच दुसऱ्याला दिलीत, तर देणाऱ्याने काय समजायचं?" तुमचा हात थांबला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "सुनंदे," तुम्ही म्हणालात, "त्याचं कसं हाय..." आणि तेवढ्यात कालवड दावं तोडून दूध प्यायला धावली, बादली कलंडली, आपण दोघी तिच्यामागे. मग चहा झाला, भावकी आली, आणि ते बोलणं तिथेच राहिलं. वर्षभर मी म्हणत होते, पुढच्या दिवाळीला पुरं करू.

पुढची दिवाळी ही अशी आली.

धनत्रयोदशीलाच माझ्या लक्षात आलं होतं की कढई नाही म्हणजे कोप्यांवर पहिला घाणा जाणार नाही. निदान दुसरं काही पाठवावं. पण कोण घेऊन जाणार? मीच जायला हवं होतं. गेले नाही. दोन दिवस उद्या उद्या करत काढले.

दुखवट्याच्या घरी फराळ भावकीने आणून द्यायचा, ती रीत सगळ्यांनी पाळली. पाडव्याच्या सकाळपर्यंत तुमच्या बाजेवर खोक्यांचा ढीग लागला. सगळे विकतचे, रंगीत कागदातले, सोनेरी दोरीचे. त्यात माझाही एक होता. थोरले भाऊजी तिकडे बघायचे आणि पुन्हा बाहेर बघायचे. एकही दोरी त्यांनी सोडली नव्हती.

नऊ-दहा वाजता अंगणात चार बायका आल्या. पुढे मथुरा. डोक्यावर दुरडी, वर धुतलेलं फडकं. मी दारात होते, मागे सरकायला जागा नव्हती. तिने मला ओळखलं, ते तिच्या डोळ्यांत दिसलं. पण ती भाऊजींकडे वळली. दुरडी त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "कढई न्हाई ना चढत औंदा तुमच्यात. आमच्यातबी तशीच रीत हाय. दरसाल आक्कांचा पहिला घाणा आमाला यायचा. औंदा आमचा तुमाला."

गुळाच्या कापण्या होत्या. तीन दगडांच्या चुलीवर तळलेल्या, अजून गरम. त्या रिकाम्या घरात तळणाचा वास शिरला आणि आक्का, मला वाटलं तुम्ही आतून हाक माराल. भाऊजींनी एक कापणी उचलली, तोंडात टाकली, आणि डोळे मिटून ती चघळत राहिले. मग म्हणाले, "पिठात मोहन जरा कमी पडलंय. ती असती तर बोलली असती." सगळ्या बायका रडता रडता हसल्या. मला मात्र हसू येईना की रडू.

मी दुरडी रिकामी केली. आपल्यात कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून बाजेवरचे दोन खोके त्यात ठेवायला लागले. मथुराने हात आडवा केला.

"ऱ्हाऊ द्या बाई. दुखवट्याच्या घरची दुरडी रिकामीच न्यायची. औंदा तुमी नुसतं घ्यायचं."

मी तिच्यामागून बांधापर्यंत गेले. बाकीच्या पुढे निघाल्या तेव्हा तिला थांबवलं. पाठ केलेलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. म्हणाले, "मथुरा, ती साडी आक्कांनी चुकून दिली नव्हती. मी खोटं बोलले होते."

"ठावं हाय की," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. तुम्ही त्याच दिवशी दुपारी बाळंतिणीला पेज घेऊन गेला होतात. झोळी दिसेना तेव्हा विचारलंत. मथुराने सांगितलं, धुवायला सोडलीय. माझं नाव तिने घेतलं नाही. तुम्ही गाडीकडे बघितलंत, दोरीवर बघितलंत, तिथे साडी वाळत नव्हती. तशाच घरी गेलात आणि तुमची तपकिरी चौकड्याची साडी घेऊन आलात. स्वतःच्या हाताने झोळी बांधलीत.

"म्हनल्या, हिचं सूत जाड हाय, लेकराला ऊब लागंल. आन मग म्हनल्या," मथुराने पदर सावरला, "म्हनल्या, ती साडी माज्या जावंची मेहनत व्हती. तिला न इचारता मी दिली. चुकलं माजंच. तू तिला बोल लावू नगंस."

आक्का, आठ वर्षं! तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुम्ही थंडीचे चार महिने एका साडीवर काढलेत आणि मी चारचौघींत त्या साडीवरून तुम्हाला हसले. जे मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, ते तुम्ही त्याच दिवशी बोलून बसला होतात, फक्त माझ्यापाशी नाही. गोठ्यात तुमचा हात थांबला तो हेच सांगायला थांबला होता का? "त्याचं कसं हाय" च्या पुढे हेच होतं का? तुम्ही मला "चुकलं" म्हणाला असता, तर मीही म्हणाले असते. निदान तसं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. तेव्हाची मी फार ताठ होते. तुम्ही ते ओळखून गप्प राहिलात आणि मी तुमच्या गप्प राहण्याला हार समजले. हे ओझं आता कुठे ठेवू? तुम्ही रागावला असता तरी मला हलकं वाटलं असतं.

मथुराला मी एवढंच म्हणाले, "मला माफ कर." ती गोंधळली. तिला असं कोणी कधी म्हटलं नसावं. म्हणाली, "आता त्याचं काय बाई. पोरगी मोठी झाली, गावाकडं आजीपाशी शाळंत जाती." मग काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून तिने सांगितलं, "साडी लई मऊ व्हती वो. निस्ती ती आतली पट्टी तेवढी गालाला लागायची पोरीच्या."

आतली पट्टी म्हणजे फॉल. माझे चार दिवसांचे बारीक टाके.

तिने पदराच्या गाठीतून एक कापणी काढली, बहुधा स्वतःसाठी राखलेली, आणि माझ्या हातावर ठेवली. मी ती तिथेच बांधावर उभी राहून खाल्ली. अठरा वर्षांपूर्वी तुम्ही मला जो घास खाऊ दिला नव्हता, तो पहिल्या घाण्याचा घास पहिल्यांदा माझ्या तोंडात पडला, तो असा. भाऊजी म्हणाले तसं मोहन कमीच होतं. तरी ती कापणी मी सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.

काल मी जुन्नरला परत आले. कोप्यांवरच्या वाटेने आले, कालव्याने नाही. मथुराच्या शेजारच्या कोपीत एक कोवळी पोर आहे, तिचे दिवस भरत आलेत. दारात पाय पसरून बसली होती.

आज दुपारी कपाटातून साडी काढली. रंग तसाच आहे. मशीनपाशी उजेडात बसून सगळा फॉल उसवला. हिरवा दोराही काढला. घालताना चार दिवस लागले होते, काढायला तासभरही लागला नाही. पट्टी गेल्यावर कापड किती मऊ पडतं ते आज कळलं. आता ती घडी माझ्या मांडीवर आहे, आणि उद्या सकाळची नारायणगावची एसटी धरली तर दहापर्यंत पारगावला पोचेन.

पण आक्का, वसुबारसेला मी ती तुमच्या हातात दिली होती आणि तुम्ही तिला हळदकुंकू लावलं होतं. साडी तुमची आहे. मी ती एकदा न विचारता नेली. आता तुम्हाला विचारल्याशिवाय दुसऱ्याला कशी देऊ?

देऊ का, आक्का?